नळाचा वार आणि वाळूचं बेट

"म्हणजे आत्ता ते बेट हाय का न्हाय?" आत्यांनी पुन्हा विचारलं.

फोन ओट्यावर लसणाच्या टोपलीला टेकवून स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे अमृत नावाचा होडीवाला होता, मालवणच्याही पुढच्या कुठल्याशा खाडीवरचा. अलीकडे आम्ही: मी, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, सासरे म्हणजे मामा, आणि मामांच्या खांद्यावर झोपलेली माझी अडीच वर्षांची आरोही.

"आत्ता नाय," अमृत म्हणाला. "आत्ता पाण्याखाली."

"मग सकाळी तर व्हतं म्हणला की."

"सकाळी होता. परत येतला. बेट काय पळून जाता काय?"

मामा फोनकडं वाकले. घसा खाकरला. "नमस्कार. मी महिपती बोलतोय, पाटबंधारे खात्यातनं रिटायर. मला एवढंच सांगा, तितं पाणी सोडतं कोण?"

अमृत सावकाश म्हणाला, "काका, समुद्र हा तो."

"समुद्र हाय ते कळलं. पण टायमिंग कुणाच्या हातात?"

"अवो, देवाच्या हातात असतंय ते," आत्या म्हणाल्या.

"मी देवाचा नंबर मागत न्हाय, विजयमाला. खालच्या माणसाचा मागतोय."

मामांना हसू नये. त्यांची सगळी नोकरी मंगळवेढ्याकडच्या कालव्यावर गेली. वरून हुकूम आला की दार उचलायचं, हुकूम आला की पाडायचं. पाणी आपल्या मनानं येतं आणि आपल्या मनानं जातं, हे त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल, पण त्यावर त्यांचा विश्वास कधी बसला नसावा. माझा तरी कुठं बसला होता? समुद्र आमच्या घरात कुणीच बघितला नव्हता. अभिमन्यू, माझा नवरा, एकदा कंपनीच्या कामानं मुंबईला गेला होता, तो गोदामातून गोदामात जाऊन परत आला.

आणि सगळ्यात गोंधळलेली मीच होते. बेट माझ्याच डोक्यातून निघालेलं ना.

त्याचं असं झालं. सोलापुरात आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्याला आम्ही नळाचा वार म्हणतो, पण तो वार काही ठरलेला नसतो. कधी भल्या सकाळी, कधी भर दुपारी. आलं की शेजारच्या दानम्मा, त्या अक्कलकोटकडच्या, जिन्यातून ओरडतात, "नीरु बंतु! नीरु बंतु!" पाणी आलं हो. मग आमची मोटर सुरू होते. आत्या पाइप ओढत बॅरलकडं धावतात, मी हंडे-कळश्यांकडं, मामा गच्चीवरच्या टाकीकडं, आणि तिथून त्यांचं सुरू होतं, "भरली! भरली! अगं बंद कर! न्हाय न्हाय, चालू कर!" तासाभरानं सगळं थांबतं. तेव्हा मी आरोहीला शोधते.

ती कॉटखाली असते. भिंतीकडं तोंड करून, गोधडी डोक्यावरून ओढून.

माझ्या लेकीच्या लेखी पाणी म्हणजे ती घरघर आणि तो ओरडा. आंघोळीची बादली दिसली तरी अंग ताठ करते. मी तिला ओल्या पंच्यानं पुसून काढते, तेही बोलत बोलत, गाणी म्हणत. डॉक्टर म्हणाले, होईल कमी, घाई करू नका. घाई मी करत नाही. पण पावडर लावताना गळ्याच्या वळीत मळ दिसतो आणि माझा जीव कसातरी होतो. पाण्याला भिणारं लेकरू कुणाला सांगायचं? तेही या गावात, जिथं पाणी आलं की माणसं देव आल्यासारखी पळतात?

मग कुर्डुवाडीला एक बारसं झालं, माझ्या मावसबहिणीकडं. त्यांच्या दारात बांधकामाची वाळू पडली होती. आरोही त्या ढिगात बसली ती उठेना. तिथंच कुणीतरी पाण्याचा तांब्या विसरलं होतं. मी बघत होते. तिनं तांब्याकडं बघितलं, एक बोट बुडवलं, आणि हळूच तांब्या वाळूवर कलता केला. पाणी वाळूत गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"गप्प गेलं," ती म्हणाली.

मला हलताही येईना. हललं की मोडेल असं वाटत होतं. मग ती म्हणाली, "अजून."

घरी आल्यावर अभिमन्यूनं एक पोतं वाळू आणून गच्चीवर ओतली. पण टाकी गच्चीवर, मोटरचं पाणी पडतं ते गच्चीवर. आरोही जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या वर येईना. ती वाळू तशीच राहिली. मांजर खूश झालं.

त्यानंतर एका दुपारी फोनवर एका व्हिडिओत ते बेट दिसलं. खाडीच्या तोंडाशी, चारी बाजूंनी पाणी, मध्ये नुसती वाळू. झाड नाही, घर नाही. कडेला घोट्याएवढ्या पाण्यात एक लहान मूल उभं होतं. होडीनं जायचं, तासभर थांबायचं, परत यायचं. खाली अमृतचा नंबर होता. मला वाटलं, तिला एकदा असं पाणी दाखवावं, जे भरून ठेवायचं नसतं.

"वाळूसाठी कोकणात?" अभिमन्यू जेवताना म्हणाला. "भीमेची वाळू काय वाईट होती?"

"भीमेत आता वाळू राहिलीया कुटं," मामा म्हणाले, आणि त्या क्षणी ते माझ्या बाजूचे झाले.

पण ठरवायला बसलो आणि सगळंच घसरायला लागलं. मामांनी आधी कालव्याच्या हिशेबानं ठरवलं: बेट सकाळी वर, दुपारी खाली. रोज. बघायचं काय त्यात? अभिमन्यूनं रजा टाकली. मी अमृतला कळवलं, तर तो म्हणाला, "त्या दिवशी सकाळी काय बघतलास? पाणीच बघतलास."

"पण परवा तर सकाळी होतं म्हणालात."

"परवाचा परवा. रोज पाऊण-एक तास पुढे जाता तो."

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "रोज उशिरा? आन् कुणी मेमो देत न्हाय?"

"कुणाला देणार, मामा?"

"तेच म्हणतोय मी."

पुढच्या फोनला अमृतनं तिथी काढल्या. अमावास्येला आणि पुनवेला बेट सगळ्यात मोठं निघतं. आत्यांनी तिथल्या तिथं अमावास्या कापली. "अवसंला लेकरू घिऊन पाण्यात? येड लागलंय का?"

"मग पुनवेक येवा," अमृत म्हणाला. "पण पहाटे येवचा लागात, नायतर सांजेक."

"पहाटेच्या अंधारात लेकरू घेऊन होडीत नको," मी म्हणाले. "दुपारी कधी असतं?"

"अष्टमीक. पण तेव्हा बेट एवढाच."

"एवढंच म्हणजे केवढं?"

"तुमी चौघा-पाच जणा उभी ऱ्हवलास की भरला."

अष्टमीला लहान बेट, पुनवेला मोठं बेट, अमावास्येला न्यायचं नाही. मला तर वाटायला लागलं, हे एकच बेट आहे की तीन? भाजी चिरता चिरता मी मनात मांडायची, आणि पातेलं उतरवेपर्यंत सगळं विसरून जायची. मामांनी दाराच्या मागं खडूनं एक तक्ता काढला. त्यात चंद्र काढले. आरोहीनं ते चंद्र पुसून तिथं एक म्हैस काढली.

शेवटी निघालं की पुनवेनंतर तीन-चार दिवसांनी बेट बऱ्यापैकी मोठंही असतं आणि सकाळच्या उन्हात वरही असतं. म्हणजे चतुर्थीला.

"संकष्टी हाय," आत्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? उपास माझा हाय, बेटाचा न्हाय. चला."

पण हे 'चला' म्हणताना त्यांचा चेहरा उतरला होता, ते मला दिसलं. कारण बेटाची वेळ ठरली, तरी नळाची कुठं ठरली होती? पाण्याच्या दिवशी घर सोडायचं नाही, हा आत्यांचा नियम. त्या करकंबच्या, माहेरी विहिरीवर वाढलेल्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हापासून नळाची एकही पाळी त्यांनी चुकू दिलेली नाही. भावाच्या लग्नात अक्षता टाकून त्या तशाच परत आल्या होत्या. हे त्या अभिमानानं सांगतात, आणि सांगून झालं की उगाच पदर नीट करत बसतात.

"मी राहते," त्या म्हणाल्या. "तुमी जावा."

"आजी नाही तर मी नाही," आरोही म्हणाली. तिला रात्री आत्यांचा पदर मुठीत लागतो.

"मग मी राहतो," मामा म्हणाले.

"तुमी? टाकी भरून गल्लीत व्हड्या चालवाल."

"दानम्मांना सांगितलं तर?" मी विचारून बघितलं.

दोघंही एकदम माझ्याकडं वळले. गेल्या उन्हाळ्यात दानम्मांचं आणि आमचं वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, आमची मोटर त्यांच्या वाट्याचं पाणी ओढते. आमचं म्हणणं, त्यांची ओढते. तेव्हापासून बोलणं बंद. त्या फक्त 'नीरु बंतु' ओरडतात, तेही आम्हाला उद्देशून नाही, जिन्याला उद्देशून.

अभिमन्यू कामावरून आला तर त्याला सगळे एकदम सांगायला लागले. तो बूट काढत म्हणाला, "आज साहेबानं विचारलं, तुमचं बेट फिक्स झालं का, का अजून पाण्यातच आहे? तिसऱ्यांदा रजा बदलून मागितली. मला फक्त एक तारीख सांगा. बरोबर असो, चूक असो, एक सांगा."

तेव्हा तृतीयेला सकाळी निघायचं ठरलं. कोल्हापूरला गाडी बदलायची, रात्री अमृतच्या घरी मुक्काम, चतुर्थीला सकाळी होडी. नळाच्या हिशेबानं पाणी आदल्या दिवशी येणार होतं. भरून ठेवायचं, कुलूप घालायचं, निघायचं. इतकं छान जुळलं की मला भीतीच वाटली.

आदल्या दिवशी पाणी आलं नाही. कुठंतरी मोठा पाइप फुटला म्हणे. आत्या दिवसभर नळापाशी जाऊन यायच्या, कान लावायच्या. मी आरोहीला सांगत होते, उद्या आपण गाडीत बसायचं, मग होडीत बसायचं. "होडी गप्प जाते?" तिनं विचारलं. मी म्हणाले, हो. होडीला इंजिन असतं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

निघायच्या सकाळी सगळं दारात होतं. दोन पिशव्या, धपाट्यांचा डबा, आरोहीचे कपडे, आत्यांच्या नव्या रबरी चपला, ज्या त्यांनी कधी आणल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. अभिमन्यू रिक्षा घेऊन आला. मामांनी कुलूप हातात घेतलं.

"नीरु बंतु!"

आत्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

मग काय झालं ते मला सलग आठवतही नाही. आत्या नव्या साडीचा पदर खोचून आत पळाल्या. मोटर सुरू झाली. मामा कुलूप हातात घेऊनच गच्चीवर गेले. अभिमन्यू एकदा रिक्षावाल्याला, एकदा आईला, "दोन मिनिटं, दोन मिनिटं," म्हणत दारातच उभा होता. मीही हंडा उचलला होता. सवयीनं. हंडा नळाखाली लावला, पाणी आत आदळायला लागलं, आणि मग मला आठवलं की आरोही माझ्या हाताला धरून उभी होती.

ती कॉटखाली होती. पायात बूट, केसाला नवीन रिबन. गोधडी बांधून ठेवलेली, म्हणून तिनं डोक्यावर स्वतःचा फ्रॉकच ओढून घेतला होता.

"आरू, चल. रिक्षा आलीय."

ती हललीच नाही.

"होडीत बसायचंय ना?"

"नको," फ्रॉकच्या आतून आवाज आला. "पाणी नको. बेट नको."

वर मामा ओरडत होते, "भरतीया! आजून अर्धा तास लागंल!" मागच्या बाजूनं आत्या ओरडत होत्या, "ऋतुजा, दुसरा बॅरल मोकळा कर!" बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी कॉटपाशी गुडघे टेकून बसले होते. अर्धा तास म्हणजे गाडी गेली. गाडी गेली म्हणजे उद्याचं बेट गेलं. पण ते सोडा. आत्ता हिला ओढून काढलं तर जन्मभर पाण्याचं नाव काढणार नाही, आणि नाही काढलं तर हीच मोटर, हाच ओरडा, परत चार दिवसांनी. पाणी सोडून द्यायचं? पाच माणसांचं घर, पाणी परत कधी येईल कुणी सांगावं?

मी उठले. काही ठरवून उठले असं नाही. मागं गेले आणि मोटरचं बटण दाबलं.

घरघर थांबली. आत्यांच्या हातातल्या पाइपमधून पाणी बारीक झालं.

"लाइट गेली का काय?" त्या म्हणाल्या.

"नाही. मी बंद केली."

"बंद? अगं, टाकी अर्धी हाय! बॅरल रिकामा हाय!"

"असू द्या, आत्या."

"परत आल्यावर काय पिणार? काय धुणार?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाय म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही," मी म्हणाले. "ती बाहेर येत नाही, आत्या. मोटर चालू असली की ती येत नाही."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग पाइपकडं. त्यांनी त्या मिनिटभरात काय काय मोजलं असेल, मला कळत नाही. मामा जिन्यावरून निम्मे उतरून उभे होते, कुणाचा हुकूम येतोय याची वाट बघत.

आत्या पाइप घेऊन मधल्या भिंतीपाशी गेल्या. "दानम्मा," त्यांनी हाक मारली. "ए दानम्मा, आमची मोटर बंद हाय. आज सगळं पाणी तुमालाच. तुमचं भरून झालं की आमच्या बॅरलात टाका, वाटलं तर. न्हाय वाटलं तर ऱ्हाऊ द्या."

थोड्या वेळानं भिंतीवर दानम्मांचं डोकं दिसलं. "कुटं निघालाव विजयमाला?"

"बेट बघायला."

"कसलं बेट?"

"ते मलाबी नीट कळंना झालंय. पण निघालोय."

घर इतकं शांत झालं होतं की नळाच्या तोंडातून थेंब पडलेला ऐकू येत होता. मी कॉटपाशी परत आले. फ्रॉक खाली आला होता. दोन डोळे माझ्याकडं बघत होते. मी हात पुढं केला नाही. थांबले. आत्याही येऊन माझ्या शेजारी जमिनीवर टेकल्या, गुडघ्यांवर हात देत, "आई गं" करत. बाहेर अभिमन्यूनं रिक्षावाल्याला काय सांगितलं कोण जाणे, हॉर्नही थांबला.

आरोही स्वतःहून सरकत बाहेर आली.

रिक्षात ती माझ्या मांडीवर बसली. आत्या पलीकडं, मामा त्यांच्या पलीकडं, पुढं ड्रायव्हरशेजारी अभिमन्यू अर्धा बाहेर. मागं दानम्मांची मोटर सुरू झाली आणि आत्यांची मान आपोआप मागं वळली. त्यांनी ती परत पुढं आणली.

"आई," आरोही म्हणाली, "तिथलं पाणी ओरडतं?"

"मोटर न्हाय तितं, बाळा," मामा म्हणाले.

"पण ओरडतं?"

मामांनी आत्यांकडं बघितलं, आत्यांनी अभिमन्यूकडं. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा बघितला होता, पण दर वेळी ही मांडीवर झोपलेली, त्यामुळं आवाज बंद करून. लाटा हलताना दिसायच्या. त्या कशा वाजतात, ते मी ऐकलंच नव्हतं. समुद्राची गाज म्हणतात ते काय असतं, केवढं असतं? गप्प पाणी दाखवायला म्हणून मी हिला राज्याच्या त्या टोकाला घेऊन चालले होते, आणि ते गप्प आहे की नाही, हेच मी कुणाला विचारलं नव्हतं.



"मला माहीत नाही, आरू," मी म्हणाले. "मी पण बघितलेलं नाही. आपण लांब उभं राहून आधी ऐकू. नको वाटलं तर मागं फिरू."

तिनं बराच विचार केला. रिक्षा सात रस्त्याच्या गर्दीत शिरली, थांबली, परत निघाली. मग तिनं माझे दोन्ही हात धरले, एक एक करून उचलले, आणि आपल्या दोन्ही कानांवर ठेवले. जरा दाबून बघितले.

"असं धर," ती म्हणाली. "मग जाऊ."